शेवटचा आकडा

पहाटे तीन चाळीसला अंगणात साखळी वाजली.
आमच्याकडे कुत्रं नाही, म्हणजे साखळी परकी.
पडदा सारला तर माझी ब्यूक
पुढची चाकं हवेत उचलून उभी,
तोंडाला हूक लावलेल्या माशासारखी.

नाइटगाउनवर मी नवऱ्याचा कोट चढवला
(तो जाऊन चार वर्षं झाली, कोट अजून ड्युटीवर आहे)
आणि बर्फात उतरले, एका पायात बूट, दुसऱ्यात सपाता.
दार उघडून थेट गाडीत बसले. आतून कडी.
आत माणूस असला की गाडी ओढून नेत नाहीत,
हे शेजारच्या लेम्युएलने शिकवलं,
ज्याच्या दोन गाड्या तो झोपेत असताना गेल्या.

हूकवाला पोरगेलाच होता. नाक वाहत होतं.
"उतरा मॅडम. अकरा हप्ते थकलेत."
"कुणाचे?"
"व्हर्लीन टब्स."
"ती मीच. हप्ते माझे नाहीत."
"सगळे असंच म्हणतात."
"सगळ्यांतल्या एखादीचं खरंही असतं, बाळा."

काचेखाली डाव्या कोपऱ्यात एक पट्टी असते,
सतरा खुणांची. गाडीचं खरं नाव तेच.
त्याने बाहेरून बॅटरी मारली, फोनवरचा कागद वाचू लागला,
मी आतून पट्टी वाचू लागले,
चर्चच्या हॉलमधल्या बिंगोसारखं, एकेक.
नववा आकडा अडला. त्याला वाटलं, म्हातारीला दिसत नाही.
पुढचे जुळत गेले, जुळत गेले,
आणि शेवटी त्याच्याकडे तीन, माझ्याकडे आठ.
आमच्या आकड्यांत
आठाची डावी बाजू पुसली की तीन उरतो.
तो बराच वेळ माझ्या आठाकडे बघत राहिला.
मग गाडी खाली सोडली. बंपरला चीर गेली.
ती कुणाच्या खात्यावर, हे मी विचारेपर्यंत
लाल दिवे साखर कारखान्याच्या वळणावर दिसेनासे झाले.

मग फोन. सात आठवडे.
"जन्मतारीख सांगा, म्हणजे तुम्ही कोण ते कळेल."
"मी कोण ते मला कळतं. मी कोण नाही ते तुम्ही लिहून घ्या."
खाई त्याला खवखवे म्हणतात;
इथे न खाल्लेलीचा घसा बसला.
लायब्ररीत झेरॉक्स, पानाला पंधरा सेंट,
पोचपावतीचं पत्र, पोलिसांचा कागद,
बिस्किटांच्या डब्यातून काढलेली शेवटच्या हप्त्याची पावती,
तिला अजून लोण्याचा वास.

आणि त्यांच्या तोंडून, नकळत, ती दुसरी येत गेली.
"तुमचं दातांच्या डॉक्टरचंही थकलंय."
"तुम्ही ते गोदामातलं काम सोडलंत ना?"
"मुलाच्या इनहेलरचं बिल..."
मी "ती मी नाही" म्हणायचे, आणि ऐकत राहायचे.
एकदा तर विचारलंच, "मुलगा केवढा आहे?"
पलीकडचा गप्प झाला. फोन त्यानेच ठेवला.

मार्चमध्ये पत्र आलं, अडीच ओळींचं :
तपशील दुरुस्त केला आहे,
झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.
लेम्युएलने हात मिळवला. मी पाय केला, सफरचंदांचा.
फोन कपाटावर मुक्याने पडून राहिला.

दुरुस्त केला म्हणजे काय केलं,
हे मला पायची दुसरी फोड खाताना कळलं.
आठाची डावी बाजू पुसली त्यांनी.
आता खरा पत्ता आहे त्यांच्याकडे.

त्या रात्री तीन चाळीसला जाग आली.
अंगणात काही नव्हतं, ब्यूक आणि तिची चीर.
तरी मी कोट चढवला, खाली गेले,
गाडीत बसले, आतून कडी लावली.
उजाडेपर्यंत तिथेच होते.
या खेपेस दोन्ही पायांत बूट होते.