सातवी जागा

ट्रॉम्बोनच्या दांडीवर खुणा नसतात.
सात जागा, सातही हवेत;
कान म्हणेल तिथं थांबायचं.

विल्फ ऑर्मरॉडला तो मिळाला अकराव्या वर्षी,
बर्नलीच्या गिरणी-बँडमध्ये, कुणा मेलेल्या विणकऱ्याचा,
पोचे आलेला.
सहाव्या जागेपर्यंत गेला, सातवीला हात तोकडा पडला.
बँडमास्तर म्हणाला, जेवत जा.

पुढं सैन्यातून परतलेल्या एकानं तबकडी आणली,
न्यू ऑर्लीन्सची. चिरलेली. सुई एकाच जागी अडखळायची
आणि ट्रॉम्बोन पुन्हा पुन्हा तीच घसरण घ्यायचा,
जिन्यावरून गादी ढकलावी तशी.
विल्फ म्हणायचा, मी ती चीरसुद्धा पाठ केली.

मी बँजोवाला. एकोणतीस वर्षं त्याच्या उजव्या कोपराशी.
माझं कानशील त्या कोपराला चांगलं ओळखतं.
चाल ट्रंपेटची, वेलबुट्टी क्लॅरिनेटची,
उरलेली जमीन विल्फची:
कोण कुठं पाय टाकणार ते आधी हेरून
तिथं फळी सरकवायची.

एकसष्ट साली पोरींनी आमच्या टोप्या पळवल्या.
त्रेसष्टला त्याच पोरी गिटारवाल्यांकडे.
विल्फनं हात आखडता घेतला नाही;
दिवसा गॅसचे मीटर वाचले,
रात्री पबात चौदा माणसं आणि एक कुत्रा.

हॅलिफॅक्सहून परतताना माळावर व्हॅन बंद पडली.
धुकं असं, की स्वतःचे बूट दिसेनात.
मागून लॉऱ्या येणार, आणि दिवा नाही.
विल्फ रस्त्यात उभा राहून वाजवत राहिला उजाडेपर्यंत.
एक मेंढी मधूनमधून हरकत घ्यायची.
लॉऱ्या वळसा घालून गेल्या.
ती त्याची सर्वांत मोठी मैफल. बिदागी शून्य.

मग दात गेले, पुढचे दोन.
सात महिने ट्रॉम्बोन कपाटात, विल्फ कपाटाबाहेर,
दोघंही बंद.
कवळी बसली. सूर आला, जरा ओला.
मग खांदा. सातवी जागा परत लांब गेली,
अकराव्या वर्षी होती तिथं.

शेवटी शेवटी, खालच्या सुरासाठी
तो खुर्चीतून कमरेत वाकायचा,
हाताचं काम पाठीनं करायचा.
लोकांना वाटायचं, झालं, अभिवादन करतोय.
टाळ्या पडायच्या.
विल्फ वाकलेलाच, डोळे वटारून:
सूर अजून चालू होता.