यंदाचा रंग

पाकीट दूरवरून येतं, वर्षातून दोनदा.
आत कागदी पट्ट्यांचा पंखा, एका खिळ्यावर फिरणारा.
उघडला की कळतं
जगाला पुढे काय आवडणार आहे.

यंदा गंज.
पडद्यांना, उशांना, पायघोळ झग्यांना,
जेवणाच्या खोलीतल्या एकाच भिंतीला
गंज, क्रमांक एकशे सदतीस.
जोडीला धातू हवा, पण सोनं नको.
सोनं मंगल कार्यालयात गेलं,
गुलाबी सोनं फोनच्या पाठीवर घासून संपलं.
यंदा बंदुकीच्या नळीचा करडा,
निळसर, दिव्याखाली हलला तरच चमकणारा.

म्हापशात, कापडाच्या ढिगात बसून
लुर्दीन दोन्ही पट्ट्या खिडकीशी धरते.
तोंडात टाचण्या, म्हणून मोजकंच बोलते:
"एक ऊन, एक थंड. जमायचं नाही."

तिचं गाव समुद्राकडचं.
मी पाळीची.

आमच्या दारावरून दिवसाला किती ट्रक जायचे
ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं.
आंब्याचं पान तांबडं, तुळस तांबडी,
शेजारच्या मांजराचं नाव पांढरू, तेही तांबडं.
शाळेच्या सदऱ्याची कॉलर आई लिंबामिठाने घासायची,
कॉलर फाटायची, रंग राहायचा.
मग एका चतुर्थीला तिने पडदेच विटकरी आणले.
मळ दिसायला नको.
रंगसंगती हा शब्द मला फार पुढे भेटला,
शिकले मी ती त्या दिवशी.

आणि निळी.
खाणीमागच्या ढिगातली मऊ भुकटी,
चिमटीत घेतली की चांदी, थोडी सांज.
बायू आणि मी ती पापण्यांना लावायचो,
बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात बघायचो,
टाचा उंचावून पाचोळ्यातून चालायचो.
रात्री पुसली की टॉवेल लाल.
पहिल्या वेळी बायू रडलीच, म्हणाली डोळे फुटले.
एकच माती होती ती.
पडून राहिली तर निळी,
घासली तर तांबडी.

हे लुर्दीनला कसं सांगायचं.
मी म्हटलं, जमेल,
तुझ्या घरचं व्हिनेगर दे बाटलीभर, माडाच्या सुरेचं.

खाणी थांबल्या त्या साली बाबांचा ट्रक
फणसाखाली उभा राहिला, तो राहिलाच.
बाबा गेले.
विकायचा विषय निघाला की आईला
गॅस बंद केलाय का ते आठवत नाही.
रविवारी मी पट्ट्यांचा पंखा बॉनेटला लावून पाहिला.
एकशे सदतीस कुठेच नव्हता.
होता तो चहाच्या चोथ्याचा, वाळल्या आमसुलाचा,
खपली निघाली तिथे केशरी,
चाकावरच्या पत्र्यावर शेवाळ्याशी भांडून हिरवट.
दाराची मूठ मात्र स्वच्छ.
करडी, निळसर, लख्ख.
कुणीतरी अजून ती उघडतं.

मी काही विचारलं नाही.
चादर व्हिनेगरात भिजवली, बॉनेटवर अंथरली,
वर प्लास्टिक, कोपऱ्यांना चार दगड.
रात्रभर घरात लोणच्याचा वास.

सकाळी ट्रक कापडावर उतरला होता.
जाळीच्या रेघा, बोल्टांची वर्तुळं,
जिथे पोचा आला होता तिथे एक तळं.
मी ती उन्हात धरली
आणि मला कांदोळीच्या हॉटेलातल्या चोवीस खोल्या दिसल्या,
पडद्याच्या काठाला करड्या जरीची एकच बारीक ओळ,
मीटरचा भावसुद्धा मनात ठरला.

आई अंगणात आली.
चादरीकडे बघत राहिली, मग फणसाकडे.
"आगो, कितें गो हें," म्हणाली,
माझ्या हातातून ती घेतली, खांद्यावर टाकली
आणि चालू लागली
लिंबाच्या झाडाकडे.