चिंगी बसली नाही

निवृत्तीनंतर कॉलेजवाले बोलावतात.
शाल, नारळ, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत:
दहशतवाद – व्याख्या, प्रकार, कारणे, उपाय.

मी श्वानपथकातला हवालदार.
माझ्याकडे व्याख्या एकच होती, चार पायांची.
आठ वर्षं तिची दोरी धरली.
वास लागला तर ती बसायची,
नाही लागला तर बसायची नाही.
बाकी कशाला नाक लावत नसे,
ना दाढीला, ना टिळ्याला, ना आडनावाला.

एकदाच बसली.
सायकलीपाशी. हँडलला डबा, डब्याला फडकं,
फडक्याला गाठ, घरची बाई मारते तशी.
त्याविषयी मी बोलत नाही.
तेव्हापासून माझा डावा कान बंद आहे
आणि आमचा सोपान गांगुर्डे भिंतीवर, हार घालून.
असं काही नसतंच, सगळा बनाव असतो,
असं मला कुणी सांगू नये.

आणि मग रामकुंड. पितृपक्ष, कडक ऊन,
पायरीवर बेवारस बॅग.
आम्ही पोचेपर्यंत गर्दीनं सगळं उरकलं होतं:
प्रकार ठरला होता, कारण सापडलं होतं,
उपाय चालू होता.
मुबीन तांबोळी. होळकर पुलाच्या तोंडाशी पेटी मांडून
बॅगांच्या चेन बसवतो, तो.
त्याची कॉलर तीन मुठींत,
त्याच्या हातात पक्कड.
"हत्यार, हत्यार!" हे उजव्या कानानं ऐकलं.
तो म्हणत होता, रनर आणायला गेलो होतो हो,
एवढा एक रनर.
तेवढ्या वेळात बॅग बेवारस झाली.

चिंगीनं दोन फेऱ्या मारल्या.
हुंगलं. जांभई दिली.
बसली नाही.

मी बॅग उघडली. तांब्या, लाल फडक्यात बांधलेला.
चष्म्याचं घर.
लोकरीची अर्धी टोपी, सुई तशीच अडकलेली.
तेवढ्यात निफाडकडचे एक बाबा
भटजींना घेऊन पायऱ्या उतरले, धापा टाकत,
"आमची मंडळी कुठंय? हितंच ठेवली होती."

बाकीची मंडळी पांगली.

मुबीन पायरीवर बसला. रनर दोनदा निसटला,
हात थरथरत होते. तिसऱ्यांदा बसला.
बाबांनी दहाची नोट दिली, ती त्यानं घेतली.
घेतली म्हणून मला बरं वाटलं,
का वाटलं ते पडद्यावर मावत नाही.
बाई गंगेत गेली,
रिकामी बॅग नीट बंद झाली.
त्याची कॉलर मात्र तशीच राहिली, कुणी सरळ केली नाही.
मीही नाही. मी पंचनामा लिहीत होतो:
आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.
तीन मुठींसाठी त्यात रकाना नसतो.

पोरं विचारतात, सर, कारणे?
पुस्तकात आहेत ती खोटी नाहीत, पाठ करा.
मला फक्त त्या गाठीचं कोडं सुटत नाही.
इतकी नीट गाठ मारताना
त्या हाताला कुणाचा तरी डबा आठवला असेल ना?
यावर मागच्या बाकावर कुणीतरी खाकरतं,
आभारप्रदर्शन होतं, चहा येतो.

चिंगी आता माझ्याकडेच, उपनगरला. म्हातारी झाली.
दिवाळीत दारूचा वास सुटला की
दाराशी बसते. उठते. खिडकीशी बसते.
पलंगाशी. देव्हाऱ्याशी.
रात्रभर ड्युटी.
मी प्रत्येक वेळी जातो, नियमाप्रमाणे चेंडू देतो,
कारण तिचं काही चुकत नाही.
मग उजवा कान तिच्या बरगडीला लावून पडतो.
गल्ली बंद होते,
तिचं काळीज तेवढं ऐकू येतं,
पळत असल्यासारखं.