घट

शंभर किलो सोयाबीन आत जातं.
अठरा किलो तेल, ऐंशी किलो पेंड,
आणि उरलेल्या दोन किलोंना
आमच्या खतावणीत म्हणतात : घट.

क्षेमकल्याणी साहेबांनी निवृत्त होताना
कपाटाच्या चावीबरोबर हेही दिलं होतं –
‘दोन टक्क्यांच्या आत आली की सही करायची.
कुठे जाते, ते विचारायचं नसतं.’

सिन्नरच्या वसाहतीत वारा थेट अंगावर येतो.
टेकडीवरच्या पवनचक्क्यांचा हिशेब दुसऱ्या कुणाकडे.
मी आपल्या घटीचं विचारलं. स्वभाव म्हणा.
तर ती बरीच हिंडते.
थोडी वाफ होते, हेक्झेनच्या संगतीनं धुराड्यावाटे निघते.
थोडी कॉस्टिकशी घरोबा करून साबण होते
आणि नाल्यात फेसाळत उतरते,
इतकी, की खालच्या अंगाला बाया
सोड्याशिवाय गोधड्या धुतात
आणि म्हणतात, कंपनीनं तेवढं तरी केलं.

थोडी मातीत जिरते.
तेलाचा रंग शोषणारी ती माती
येते पांढरी, पोत्यावर दर लिहून;
जाते काळी, दराच्या जागी आडवी रेघ.
कुंपणामागे तिचा ढीग, रात्री आपोआप धुमसतो.
चिंधू भाबड बादली घेऊन पहाऱ्यावर बसतो.
बादली : एकशे साठ रुपये, ‘किरकोळ’मध्ये.

यंदा नवरात्रात त्याच्या घरी गेले.
घर ढिगाच्या उताराला.
द्वारकाबाईंनी पत्रावळीवर माती पसरून
मधोमध घट मांडला होता.
भोवती गहू, जव, मूग. पाणी घरच्याच बोअरचं.
पाचवी माळ चढली होती
आणि कोंब एकही नाही.
मातीवर तेवढी एक चकाकी,
सायकल दुकानापुढच्या डबक्यावर असते तशी.

‘माझ्याच हातून काही चुकलं असंल,’ बाई म्हणाल्या.
‘विटाळ झाला असंल नकळत.’
नऊ दिवस उपास होताच,
त्यांनी आता पाणीही एक वेळचं केलं होतं.

मला सगळं माहीत होतं, आकड्यासकट.
मी चहा घेतला. बरा झालाय म्हणाले.

सोमवारी खर्चाचं पत्रक उघडलं.
बी, कॉस्टिक, कोळसा, वीज, हमाली.
त्याखाली एक ओळ घातली :
‘घट – भाबड यांचे घरी – नग १’
स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, लिहिलं नाही.
रकमेच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
धान्य पसाभर, धरा वीस रुपये.
पाणी, आधी फुकट होतं.
उपास दरडोई धरायचा की दरदिवशी?
आणि ‘माझंच चुकलं’ याचा घसारा
किती वर्षांत काढतात?

ऑडिटर पोरगेला आहे, नाशिकरोडहून बसनं येतो,
डब्यातली भाजी सगळ्यांना देतो.
पत्रक खालपर्यंत वाचून म्हणाला,
‘मॅडम, याला व्हाउचर?’

ड्रॉवरमधून पुडी काढली. उलगडली.
गव्हाचे सात दाणे, फुगलेले, मिटलेले.

त्यानं बोटानं एक फिरवला, हुंगला,
बोट रुमालाला पुसलं. पुन्हा पुसलं.
मग पेनचं टोपण काढत विचारलं,
तारीख कोणती टाकू –
आपला प्लांट सुरू झाला ती,
की पाचवी माळ?