पायी चाललेली गाडी

अमळनेरला, पैलाडमध्ये,
हिलाल मास्तरांच्या पडवीत
ती उभी होती ढोलाला टेकून,
अंगावर बँडच्या जुन्या डगल्याची झूल.
डगला ओढला तेव्हा सोनेरी फीत
आरशात अडकली. मास्तरांनी ती सोडवली
सावकाश, उपरण्याची गाठ सोडवावी तशी.

"बठेल शे, बिघडेल नही," एवढंच म्हणाले.

दगा मिस्तरी चोपड्याहून माझ्यासोबत आलेला.
नाव दगा, पण माणूस असा
की सख्ख्या मेव्हण्याची गाडी असली
तरी घेऊ नको म्हणून सांगेल.
तिसऱ्या किकला ती खोकली आणि लागली.
त्याने कान लावला, मीटर पाहिलं:
एकोणीस वर्षं, साडेनऊ हजार किलोमीटर.
"मीटर मागे फिरवलंय, ताई," माझ्या कानात.
मग साइडचं झाकण खोललं, वास घेतला
आणि गप्पच झाला.
इंजिन कोरं. क्लचप्लेट जळून कोळसा.
उभ्या आयुष्यात त्याने असं पाहिलं नव्हतं.

मास्तर हसले. वरातीची आहे ही, म्हणाले.
पुढे गाडी, गाडीवर मी,
मागे बावीस माणसं, त्यांच्या मागे घोडा.
घोड्याच्या पुढे राहायचं,
घोड्याला सोडून मात्र जायचं नाही.
पहिला गिअर, अर्धा क्लच,
मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत अडीच तास.
उजवा हात वर केला की गाणं बदलायचं.

"आणि दुसरा गिअर?"
"एकदाच. धरणगावला.
नवरदेव पळाला तेव्हा."

मग ट्रॉलीवर डीजे आले.
हे त्यांनी सांगितलं नाही,
पडवीत ढोल किती होते ते मी मोजलं.

मी बसून पाहिलं.
साडेचार फूट आणि वर दोन बोटं माझी उंची.
भावाची गाडी झाली, नवऱ्याची झाली,
रेल्वे फाटकाला थांबलं की एक टाच हवेत,
गाडी कलायची, मागून कुणीतरी म्हणायचंच,
सांभाळून हो बाई.
हिच्यावर दोन्ही तळवे जमिनीला लागले.
आख्खे. टाचेसकट.
एवढ्यासाठी मी अठरा महिने भिशी भरली
हे कुणाला पटलं नसतं,
म्हणून कुणाला सांगितलंही नाही.

ते बावीस म्हणाले. दगा पंधरावर अडून,
क्लचप्लेटचे वेगळे धरून.
साडेसतराला चहा आला.
आरसी बुकावर मास्तरांनी सही केली
पावतीबुकावर करायचे तशीच,
खाली दोन रेघा आणि बँडचं नाव.

प्लेट बदलेपर्यंत पाच वाजले, झळा तशाच.
मास्तरांची बायको ओट्यावर आली.
"कोण चालवणार? हा भाऊ?"
मी, म्हटलं.
तिने मला खालून वर पाहिलं, मग गाडीला.
"जोरमा लई जाय, बाई.
हिनी कधी वारा खादा नही."

तापीच्या पुलावर मी तिसरा टाकला, मग चौथा.
ती आधी थरथरली, घाबरल्यासारखी,
मग आवाज सरळ झाला.
केळीचा ट्रक मागे पडला.
आरशात दगा त्याच्या लुनावर बारीक होत गेला,
हात हलवत.
थांब म्हणत होता की जा, कळलं नाही.

पुलापलीकडे एका फाट्यावर
आडव्या रस्त्याने वरात आली, माझ्या मागेच निघाली.
डीजे एवढा मोठा की हँडल थरथरायला लागलं.
आणि तिथे ती बंद पडली.
घोड्याच्या बरोबर पुढे.

दोन्ही पाय टेकून मी उभी.
मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, चालू द्या!"
एका किकला लागली.
पहिला गिअर, अर्धा क्लच.
नव्या प्लेटचा वास यायला लागला
तरी मी फाट्यापासून शाळेपर्यंत तशीच गेले,
आणि मधेच एकदा
उजवा हात वर करून पाहिला.

गाणं काही बदललं नाही.