कवडीमोल

बावीस ऑक्टोबरच्या रात्री गुलाब चढतो.
फोप फ्राहून ट्रक येतो,
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या जुड्या,
बोटांना काट्यांची घाई.
दहाचा वीस, पहाटे तीनला पस्तीस बाट.
गुलाबीच हवा सगळ्यांना. राजा मंगळवारी जन्मला,
आणि आमच्याकडे मंगळवारचा रंग गुलाबी.
पांढऱ्याला कुणी हुंगतसुद्धा नाही.

बँकेतली बाई मुकाट पैसे देते.
मोटारसायकलवाला घासाघीस करतो, मग एक जुडी जास्त नेतो.
लॉटरीवाला सोम्किआत पिशवीतली ब्रँडी दाखवतो,
"यंदा मोठी बाटली. गेल्या साली चपटी वाहिली
म्हणून आकडा हुकला."

मी हसते. भाव सांगते.
भाव सांगणं आमच्या घराण्यात जुनं आहे.

खापरपणजीचं नाव इम, म्हणजे पोटभर.
कर्जात आई गहाण, तिच्या पोटी ही,
जन्मली तीच मालकाच्या वहीत.
मग त्या राजाचा कायदा आला:
आठव्या वर्षी पोराची किंमत सर्वात जास्त,
पुढे दर वर्षी उतरती,
एकविसाव्याला काही नाही.

इमला लिहिता येत नव्हतं.
भाताच्या कोठीच्या खांबावर ती दर वर्षी कोयत्याने
एक खूण करायची.
पोरांची उंची मोजतात तशी, पण उलटी,
वरून खाली.
मालकीण म्हणायची, "घसरतेयस गं."
"हो, बाई."
खाली घातलेल्या तोंडावरचं हसू
कुणाला दिसत नाही, हा एक फायदा.

शेवटची खूण मातीला टेकली
त्या दिवशी ती कवडीमोल झाली.
उठली, नेसूचं झाडलं आणि चालू लागली.
कुठे, ते आजीलाही ठाऊक नव्हतं.
नदीकडे, म्हणायची. फुलं मी मागाहून घातली असतील.

तेवीसला दुपारी चौकात गेले.
घोड्याच्या चौथऱ्याभोवती गुलाबांचा चिखल,
माणसं गुडघ्यांवर, कपाळं फरशीला.
लोटांगण बंद करणारा हाच, असं शाळेत शिकवलं होतं.
मीही वाकले,
पण गुडघ्यांनी अर्ध्यावरच नाही म्हटलं.
तशीच राहिले थोडा वेळ,
ना उभी, ना खाली.

संध्याकाळी भाव पडला.
पस्तीसचे पंधरा, पंधराचे पाच,
आठ वाजता म्हटलं, न्या हो कुणीतरी.

नॉ पॉ पाकळ्या झाडत होती.
कॅरेन पोर, नदीपलीकडची.
एजंटाचे अठरा हजार मी भरले
म्हणून तिचा पासपोर्ट माझ्या गल्ल्याखाली.
बाजारात सगळेच ठेवतात.

झाडू थांबवून विचारते, "मावशी, किती उरले?"

मला पाठ आहे. अकरा हजार दोनशे.
तोंडापर्यंत आलेला आकडा
तिथेच राहतो,
कारण तिच्या बसायच्या जागेमागे,
शेडच्या लोखंडी खांबावर,
आज पहिल्यांदाच दिसतात मला
मार्करच्या बारीक रेघा,
वरून खाली.