मनोऱ्यावरून, ताल्लिन

पायऱ्या मोजायच्या ठरल्या होत्या.
एकशे चाळीसपर्यंत आलो,
मग हेल्वीला हसू फुटलं
आणि सगळ्यांचंच गणित चुकलं.

वर नुसतं धुकं.
समुद्र गायब, तटबंदी गायब, लाल कौलंसुद्धा.
बारा युरो मोजले, राइवो म्हणाला,
कोऱ्या कागदाचे.

उर्वे मात्र याच गावची.
हातमोजा काढून बोट दाखवत गेली :
ते बंदर. ती शाळा. तिथं, त्या चिमणीमागे
बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
आता फोनची कव्हरं विकतात.
आम्ही तिकडे बघून
शहाण्यासारख्या माना हलवल्या.

खाली उतरलो तर धुकं विरलेलं.
परत चढायचं बळ कुणाच्या पायांत?
चौकात वाटाण्याचं गरम सूप घेतलं.

उर्वेचं ते बोट
अजून लालच होतं,
वाडग्याला बिलगलेलं.